दुसऱ्या बाटलीतलं तेल

शुक्रवारी बेळगावच्या खडेबाजारात चपलांच्या दुकानात मी एका पायावर उभा असताना सौम्याचा मेसेज आला. दुसरा पाय दुकानदाराच्या हातात होता. पट्टीवर टाच टेकवून तो माझ्या अंगठ्याशी सरकपट्टी आणत होता आणि 'सर, डावा जरा मोठाच आहे तुमचा' असं डाव्या पायाच्या वतीने माफी मागितल्यासारखं सांगत होता. सौम्या माझी संशोधक विद्यार्थिनी. घरी कन्नड बोलते, माझ्याशी मराठी, आणि काही बिनसलं की दोन्ही. तिनं लिहिलं होतं, 'सर, गट दोन आणि गट तीन सेमच आलंय की ओ.' खाली तक्ता होता. चोवीस पांढऱ्या उंदरांचे चोवीस मागचे उजवे पाय, तासातासाला नळीतल्या पाण्यात बुडवून मोजलेले. मी आकडे वर सरकवले, खाली सरकवले, फोन आडवा केला. आडव्या फोनवरही ते सेमच होते. 'आठ नंबर देऊ का नऊ?' दुकानदारानं विचारलं. मी 'चालेल' म्हणालो. बाहेर आल्यावर लक्षात आलं की नव्या चपला घालून मी जुन्या हातात घेतल्या आहेत, पिशवी दुकानातच राहिली आहे, आणि मनुबाई आत्याला आता कुणीतरी जाऊन सांगायला हवं. ते कुणीतरी म्हणजे मीच, हे समजायला मला कोपऱ्यावरच्या रसवंतीपर्यंत चालावं लागलं.

मी फार्मसी कॉलेजात सूज शिकवतो. सव्वीस वर्षं शिकवतोय. लाली, उष्णता, फुगवटा, वेदना अशी चार लक्षणं मी दर ऑगस्टमध्ये फळ्यावर लिहितो, आणि दर ऑगस्टमध्ये एक तरी विद्यार्थी वहीत त्यांची पाच करून घेतो. मनुबाई माझ्या वडिलांची थोरली बहीण. वय शहात्तर, राहणार निपाणीच्या पुढे, कोगनोळीच्या अलीकडे, मळ्यात. ती सूज उतरवते. चाळीस वर्षं उतरवतेय. शेळीसुद्धा तोंड लावत नाही म्हणून लोक ज्या निर्गुडीचं बांधाला कुंपण करतात, तिचे कोवळे शेंडे ती पहाटे खुडते, पाट्यावर वाटते, रस पिळते आणि घरच्या एरंडेलात मंद आचेवर आटवते. रस आटेपर्यंत तेल तडतडत असतं. 'बोलतंय अजून,' असं ती म्हणते. बोलायचं थांबलं की खाली उतरवायचं. एवढंच औषध. दर रविवारी गुडघे, घोटे, कोपरं आणि मनगटं आपापल्या मालकांना घेऊन तिच्या दारात येत. आमच्या घराण्यात सूज या विषयावर असे दोन तज्ज्ञ होऊन गेले, होऊन गेले म्हणजे आहेत, आणि त्यांनी आयुष्यभर एकमेकांच्या धंद्यात नाक खुपसलेलं नव्हतं.

गेल्या श्रावणात ते बिघडलं. शेजारच्या मळ्यातल्या जयाबाईचा गुडघा सुजला. आत्याने आठ दिवस तेल चोळलं. नवव्या दिवशी जयाबाईला ताप चढला, तिला निपाणीला दवाखान्यात नेलं आणि गुडघ्यातून वाटीभर पू काढला. जयाबाई वाचली. काठी घेऊन चालतेही. ती आत्याला एका शब्दानं बोलली नाही, आणि आत्याला तेच जड गेलं. भांडली असती तर आत्याही भांडली असती, दोघी मोकळ्या झाल्या असत्या. त्यानंतर रविवारी लोक आले की आत्या आतून कडी लावून बसायला लागली. दिवाळीला मी गेलो तेव्हा ती म्हणाली, 'चिंत्या, तुझ्या त्या उंदरांला इचार. हाय का न्हाय गुण, एवढंच. न्हाय तर न्हाय म्हण, मी भांडं पालथं घालते. चाळीस वर्सं मी लोकांला फशिवलं असंल तर मरायच्या आदी मला कळू दे.' माझं नाव चिंतामणी. डॉक्टरेट मिळाल्यावर सगळ्या पाहुण्यांनी मला अहोजाहो सुरू केलं. आत्यानं फक्त 'चिंत्या'पुढचा 'रं' थोडा मऊ केला.

मग आम्ही विचारलं. प्रयोगांना परवानगी देणाऱ्या सात जणांच्या समितीनं सह्या केल्या. प्रत्येकी सहा उंदरांचे चार गट. पायात एक भुकटी टोचली की तासाभरात पाय टम्म सुजतो. पहिल्या गटाला काहीच लावायचं नाही. दुसऱ्याला नुसतं एरंडेल. तिसऱ्याला निर्गुडी आटवलेलं आत्याचं तेल. चौथ्याला बाजारातलं मलम. एरंडेल आत्या घरीच काढते, म्हणून दोन्ही बाटल्या तिच्याकडूनच मागवल्या, त्याच एरंड्यांच्या, त्याच भांड्यात, तितकाच वेळ तापवलेल्या तेलाच्या. एकीत पाला, दुसरीत पाला नाही. विज्ञान म्हणजे या दोन बाटल्यांतला फरक, असं मी तिला समजावलं, आणि ती 'बरं' म्हणाली. आणि आता फरक नव्हता. दुसऱ्या गटाची सूज जितकी उतरली तितकीच तिसऱ्याची. म्हणजे जे काही होत होतं ते एरंडेलानं, चोळण्यानं. पाला म्हणजे शोभा. चाळीस वर्षांच्या पहाटा, पाटा, वरवंटा, बोलणारं तेल, सगळी शोभा. माणसांच्या बाबतीत म्हणता आलं असतं की श्रद्धेनं गुण आला. उंदराला श्रद्धा नसते. तो आत्याला ओळखतही नाही.

रसवंतीच्या बाकावर बसून मी तक्ता पुन्हा बघत होतो तेव्हा मला एक गोष्ट जाणवली, आणि ती मी अजून माझ्या बायकोला, लतिकालाही सांगितलेली नाही. मला बरं वाटलं होतं. मेसेज वाचताना, वाईट वाटण्याच्या अगोदर, निमिषभर. लहानपणी वर्गातला हुशार मुलगा नापास झाला की वाटायचं तसं. मी ती भावना बोटानं दाबून बघितली, दाबली तरी खड्डा पडेना, घट्ट होती. किती वर्षांची असावी? नोकरीच्या मुलाखतीत एका वयस्कर प्राध्यापकांनी विचारलं होतं, 'घरात कुणी वनौषधी वगैरे देतं का?' त्यांना खरंच कुतूहल होतं. मी 'नाही सर' म्हणालो होतो. त्याच सकाळी आत्यानं माझ्या कपाळाला दही लावून मला एसटीत बसवलं होतं, तिच्या हाताचा वास माझ्या शर्टाला होता, आणि मुलाखतभर मी हात पुढे बांधून तो झाकत होतो. तो वास म्हणजे खाली तंबाखू, कारण ती निपाणीच्या वखारीत तंबाखू निवडायला जायची, त्यावर एरंडेल, आणि त्यावर निर्गुडीचा तो कडसर उग्र दर्प, ज्यानं शिंक आणि झोप एकदम येते. चौदाव्या वर्षी निपाणीच्या स्टँडवर थांबायच्या आत गाडीतून उडी मारून मी घोटा मुरगाळून घेतला होता. तेव्हा तीन दिवस ती वखारीतून आली की तशाच हातांनी तो चोळायची. चौथ्या दिवशी मी धावलो. मुरगळलेला घोटा तीन-चार दिवसांत तसाही उतरतो, हे मला आता माहीत आहे. असल्या गोष्टी माहीत असण्यासाठीच मला नेमलेलं आहे.

खासबागेत घरी आलो तेव्हा लतिका चाचणीचे पेपर तपासत होती. ती शाळेत गणित शिकवते. मी सगळं सांगितलं, ते निमिषभराचं सोडून. 'मग आत्यांना काय सांगणार?' तिनं विचारलं. 'खरं ते,' मी म्हणालो. 'पाल्याचा उपयोग शून्य.' तिनं लाल पेन खाली ठेवलं. 'शून्य हा शब्द नका वापरू. मी सुद्धा नाही देत. अर्धा तरी देतेच. पोरानं निदान प्रश्न उतरवून काढलेला असतो.' मी म्हणालो, आत्या काही सातवीतली नाही. 'म्हणूनच,' ती म्हणाली. 'सातवीतल्याला पुढच्या वर्षी पुन्हा बसता येतं.' आणि तिनं पुढचे तीन पेपर कुणालाही न शोभेल इतक्या उदारपणे तपासले.

रविवारी सकाळी निघालो. काकती, हत्तरगी, संकेश्वर. गाडी चालवताना मी वाक्यं जुळवत होतो. 'आत्या, दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळून आला नाही.' हे वाक्य मी सव्वीस वर्षं उच्चारलं आहे, पण गाडीत मोठ्यानं म्हणून बघितलं तेव्हा ते कुणीतरी मला नोकरीवरून काढत असल्यासारखं ऐकू आलं. 'आत्या, तेलात गुण आहे, पाल्यात नाही.' यात गोडवा होता, पण ती पाल्याचंच विचारत होती असं मला वाटत होतं. ती काय विचारत होती हे मी शब्दशः आठवून बघायला हवं होतं. बघितलं नाही. तवंदीच्या घाटात पुढे उसाचा ट्रॅक्टर होता, त्याच्या मागे मी अत्यंत आनंदाने दुसऱ्या गिअरमध्ये राहिलो. मागचे हॉर्न वाजवत होते. मला ओव्हरटेक करायची संधी तीनदा मिळाली आणि तिन्ही वेळा मी समोरच्या वळणाचा आदर केला. निपाणी मागे पडली. फोननं महाराष्ट्रात स्वागत केलं, मग विचार बदलून कर्नाटकात स्वागत केलं. मळ्याच्या वाटेला वळताना मी परीक्षेच्या दिवशीसारखं खिशातलं पेन चाचपून बघितलं. इतकी वर्षं मी पेपर काढणाऱ्यांच्या बाजूला आहे, तरीही.

दार बंद होतं. दारातल्या कट्ट्यावर भरमू बसला होता. हा आत्याच्या गिऱ्हाइकांतला सर्वांत जुना. सत्तरी उलटलेला, उजवं कोपर लिंबाएवढं सुजलेलं. 'आत्या देते का हल्ली?' मी विचारलं. 'कुटलं ओ. कडी लावत्यात. पर मी येतो. रविवारी दुसरं काम काय हाय?' मग त्यानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. 'चपला नव्या दिसत्यात. बरं, मास्तर, उंदरं काय म्हनत्यात? पास का नापास?' गावाला माहीत होतं तर. मी दार वाजवलं. भरमू म्हणाला, 'नापास असलं तर भाईर येऊन सांगू नगा. जाताना नुस्तं न बोलता जावा, मला कळंल.'

कडी निघाली. आत्या लहान झाली होती, म्हणजे दिवाळीपेक्षा. चुलीजवळच्या कोनाड्यात तेलाचं पितळी भांडं होतं, घासून लख्ख केलेलं, आणि लख्खपणामुळेच परकं वाटत होतं. तिनं चहा ठेवला, गूळ घातला, माझ्यापुढे कप ठेवून समोर पाटावर बसली आणि पदर खांद्यावरून ओढून घेतला. कुणी गेल्याचं ऐकायला बसतात तशी. 'बोल. घोळात घेऊ नगंस.'

घाटातली सगळी वाक्यं घाटातच राहिली होती. 'आत्या,' मी म्हणालो, 'दोन्ही बाटल्या सारख्याच निघाल्या.'

'निघतील की.'

'म्हणजे दुसऱ्या बाटलीनं जेवढी सूज उतरली तेवढीच पहिलीनं.'

'आरं मग, येकच तेल व्हतं ते. फरक पडंल कसा?'

'दुसऱ्या बाटलीत नुसतं एरंडेल होतं, आत्या. मी सांगितलं होतं तुला.'

'सांगितलंतास,' ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिची नजर माझ्यावरून हटून कपावर गेली. 'ठेवलंतं बी नुस्तंच तापवायला. मग मनात आलं, ही बाटली ज्या सा जणांला लागायची, त्येंनी काय पाप केलंय? त्येंचा पाय मुद्दाम सुजवायचा, आन् वर औषिध म्हनून रिकामं तेल चोळायचं? शेजारनीची वाटी आली तरी आपन रिकामी परत देत न्हाय रं, चिमूटभर साखर घालतो. मग घातला पाला. घालायचा तर हातचं राखून कशाला घालू? जेवढा हिच्यात तेवढाच तिच्यात.' मग म्हणाली, 'चुकलं का रं?'

मी कप खाली ठेवला. दुसरी बाटली प्रयोगशाळेत आली तेव्हा मी तिचं बूच काढून वास घेतला होता. निर्गुडीचा वास आला होता. स्वच्छ आला होता. मी स्वतःला सांगितलं होतं, एकाच भांड्यातलं आहे, लागला असेल वास. चाळीस वर्षांच्या ओळखीचा तो वास, आणि मी त्याच्यापेक्षा बाटलीवरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवला, कारण चिठ्ठी माझ्या अक्षरातली होती. सात सह्या, बावीस पानी आराखडा, तीन महिने, आणि आत्याला सहा उंदरांची दया आली. मी हसायला लागलो. ते थांबेना. आत्या आधी घाबरली, मग तिलाही यायला लागलं, तोंडाला पदर लावून. बाहेरून भरमूनं विचारलं, 'पास म्हनायचं का?'

'थांब की रं!' ती ओरडली, आणि मग माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाली, 'हसू नगंस. सूज उतरली का न्हाय, ते सांग.'

'उतरली.'

'किती जणांची?'

'बारा. बाराच्या बारा.'

'आपोआप उतरली असंल की. माझ्या तेलानंच उतरली कशावरनं?'

हा प्रश्न एम.फार्मच्या तोंडी परीक्षेत मी दर वर्षी विचारतो आणि फारच थोड्यांना त्याचं उत्तर येतं. 'कारण आणखी सहा होते,' मी म्हणालो. 'त्यांना काहीच लावलं नव्हतं. चार तासांनीसुद्धा त्यांचे पाय तसेच टम्म.'

ती बोटांची पेरं मोजायला लागली. मला वाटलं ती हिशेब पटवून घेते आहे. मीही पटवून घेत होतो, कारण तिच्या दिवाळीतल्या प्रश्नाचं उत्तर शुक्रवारपासून माझ्या फोनमध्ये पडलेलं होतं, पहिल्याच रकान्यात. ती विचारत होती, मी लोकांना फसवलं का. मी तीन दिवस दुसऱ्या आणि तिसऱ्या रकान्यात डोळे घालून बसलो होतो. 'अजून एक राहिलंय,' मी म्हणालो. 'गुण पाल्याचा की एरंडेलाचा, ते कळायला परत करावं लागेल. यावेळी नुसतं तेल मी तापवीन.'

'तूच तापीव. माझ्यानं व्हायचं न्हाय. आन् पाल्याचा का तेलाचा हे तुमी भांडत बसा. लोकांला मी दोन्ही मिळूनच देते की.' मग तिचा चेहरा पुन्हा आकसला. 'पर मग जयाबाईचं?'

'जयाबाईच्या गुडघ्यात पू होता, आत्या. तिथं माझं मलमही हरलं असतं. सांधा गरम लागला, अंगात ताप असला, तर तेल नाही. त्याच दिवशी दवाखाना. थांबायचं नाही.'

'येवढंच?'

'एवढंच.'

'मग हे तू मला आदी का न्हाय सांगितलंस?' ती रागावली नव्हती. खरंच विचारत होती. लाली, उष्णता, फुगवटा, वेदना. बेळगावातल्या निदान दीड हजार पोरांना मी हे सांगितलं होतं, त्यातली निम्मी आता औषधाच्या दुकानात उभी आहेत. उत्तर मुलाखतीच्या खोलीत हात बांधून बसलेलं होतं. 'चुकलं,' मी म्हणालो. 'व्हय,' ती म्हणाली, आणि उठली.

तिनं दोन्ही दारं उघडली. भरमूला आत बोलावलं, त्याच्या कोपराला पालथा हात लावून बघितला, मग कपाळाला. 'ताप आलता का?' 'न्हाय ओ आक्का.' 'खरं बोल. आला असंल तर ह्यो डाक्टर आत्ताच्या आत्ता गाडीतनं निपाणीला नेतोय तुला.' 'दवाखाना नगं ओ, मी मेलो तरी. खरं बोलतो, न्हाय आला,' भरमू म्हणाला. पितळी भांडं कोनाड्यातून खाली आलं. त्यात तेल नव्हतं, पण मागच्या फळीवर एक बाटली होती, श्रावणापूर्वीची. भरमूनं बाही सरकवली आणि डोळे मिटून घेतले. तिची बोटं कोपरावर फिरायला लागली तसा मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो, कारण वासानं मला शिंका यायला लागल्या होत्या आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि यातलं कुठलं कशामुळे हे वेगळं काढायला माझ्याकडे गट नव्हते.

निघताना ती गाडीपर्यंत आली. माझ्या हातात एक छोटी बाटली दिली, खोकल्याच्या औषधाची जुनी, चिंधीचं बूच लावलेली. 'ही कुणाला?' मी विचारलं. 'लतिकाला?'

'त्या सा जणांला,' ती म्हणाली. 'ज्येंला तुमी कायच लावलं न्हाय.'

त्यांचे पाय दुसऱ्या दिवशी आपोआप पूर्ववत झाले होते. ही सूज फार टिकत नाही. हे मी तिला सांगितलं नाही. बाटली मांडीवर धरून मी घाट उतरलो, एका हातानं, अत्यंत सावकाश, आणि यावेळी मागच्यांचे हॉर्न मला कुठल्यातरी मिरवणुकीतल्यासारखे वाटले.

सोमवारी सौम्याला सगळं सांगितलं. तिच्या प्रबंधाचे आणखी दोन महिने जाणार होते. ती खुर्चीत बसली, डोकं धरलं, 'अय्यो देवरे' म्हणाली, आणि मग म्हणाली, 'म्हणजे फेल नाही झालं की ओ सर! परत करायचं म्हणजे आनंदच की!' शुक्रवारपासून ती जेवली नव्हती, असं कळलं. मी खिशातून बाटली काढली. पहिल्या गटाचा पिंजरा अजून खिडकीजवळच होता. सहाही जण ठणठणीत होते, एक जण दुसऱ्याच्या पाठीवरून चढून खाद्य ओढत होता. 'यांना लावायचंय,' मी म्हणालो. 'उजव्या मागच्या पायाला.'

'आता? सूज नाही की ओ त्यांना.'

'माहीत आहे.'

तिनं माझ्याकडं बघितलं, मग नोंदवही उघडली. 'कुठल्या रकान्यात लिहू?'

'लिहायचं नाही.'

तिनं वही मिटली. मी एकेकाला धरत गेलो, ती बोटावर थेंब घेऊन चोळत गेली, टाचेकडून बोटांकडे, थोडी जास्तच वेळ. उंदीर गरम होते आणि त्यांची काळजं फार जोरात चालत होती. चौथ्याच्या वेळी माझ्या लक्षात आलं की सौम्या हातमोजे घालायला विसरली आहे. एरवी मी ओरडलो असतो. मी पाचवा उचलला आणि तिच्यापुढे धरला.